डेव्हएफएस कर्नलमधून काढला त्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट इथे अजून बरीच जुनी मशीन्स लिनक्सच्या २.४ कर्नलवर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) चालू आहेत, आणि कोणीतरी बोर्ड बदलायला घेतला की तेच प्रश्न परत येतात, वर ऐरोली-ठाण्याकडची कॉलेजची मुलं इंटरव्ह्यूची तयारी करताना विचारतात ते वेगळे. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. फाइल, कमांड आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरात करा.

१. डेव्हएफएस म्हणजे नेमकं काय होतं?

लिनक्समध्ये हार्डवेअरशी बोलायचं तर /डेव्ह मधल्या फाइलमधून बोलायचं. हार्ड डिस्क, सीरियल पोर्ट, टर्मिनल सगळ्यांच्या तिथे फाइल्स, आणि प्रत्येक फाइलच्या मागे दोन आकडे, मेजर आणि मायनर. मेजरवरून ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारा कर्नलमधला कोड) कळतो, मायनरवरून त्या ड्रायव्हरचं कुठलं डिव्हाइस ते. उदाहरणार्थ पहिला सीरियल पोर्ट टीटीवायएस० म्हणजे ४ आणि ६४, नल डिव्हाइस म्हणजे १ आणि ३.

पूर्वी या फाइल्स डिस्कवर खऱ्याखुऱ्या बनवून ठेवलेल्या असायच्या, एमकेनॉड कमांडने. तुमच्याकडे ते हार्डवेअर असो वा नसो, हजारो नोंदी पडून असायच्या, म्हणजे /डेव्ह बघून मशीनला काय जोडलंय ते कळायचंच नाही. रिचर्ड गूच यांनी यावर उपाय म्हणून डेव्हएफएस लिहिला, तो २००० च्या सुरुवातीला २.३ च्या डेव्हलपमेंट कर्नलमध्ये आला आणि २००१ मध्ये २.४ सोबत लोकांपर्यंत पोचला. ड्रायव्हर स्वतःच कर्नलच्या आतून सांगायचा की माझं हे डिव्हाइस आहे, याची या नावाने नोंद कर, आणि /डेव्ह मध्ये तेवढंच दिसायचं जेवढं खरंच आहे.

२. मग चांगलाच होता की, काढला कशाला?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि याचं उत्तर जरा सविस्तरच द्यायला हवं.

पहिलं कारण नावांचं. डेव्हएफएसमध्ये डिव्हाइसचं नाव काय असेल ते कर्नलच्या कोडमध्ये लिहिलेलं होतं. साधं /डेव्ह/एचडीए१ जाऊन /डेव्ह/आयडीई/होस्ट०/बस०/टार्गेट०/लन०/पार्ट१ आलं, टीटीवायएस० चं टीटीएस/० झालं, टीटीवाय१ चं व्हीसी/१. तुम्हाला ही नावं आवडोत न आवडोत, बदलायची तर कर्नल बदला नाहीतर वरून डेव्हएफएसडी नावाचा डिमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) चालवून जुन्या नावांच्या लिंक बनवा. सोसायटी फ्लॅटला नंबर देते, पण दारावर पाटी कुठली लावायची ते राहणारा ठरवतो, आणि कर्नलचं कामही नंबर देण्यापुरतंच असायला हवं होतं. माझं ठाम मत आहे की बाकी सगळ्या तक्रारी दुरुस्त झाल्या असत्या तरी या एका कारणासाठी डेव्हएफएस जायलाच हवा होता, कारण नाव ठरवणं हा धोरणाचा विषय आहे आणि प्रत्येक ऑफिसचं, प्रत्येक मशीनचं धोरण वेगळं असतं.

दुसरं कारण रेसचं, म्हणजे दोन प्रोसेस एकाच वेळी एकाच गोष्टीला हात लावतात आणि आधी कोण पोचलं त्यावर निकाल बदलतो ते. एक प्रोसेस /डेव्ह मधली फाइल उघडतेय, त्याच क्षणी दुसरीकडे ड्रायव्हर ती नोंद काढून टाकतोय, त्यात डेव्हएफएसडीला विचारायला थांबलेली तिसरी प्रोसेस मध्येच. डेव्हएफएस स्वतःचं वेगळं झाड मेमरीत ठेवायचा आणि ते व्हीएफएसच्या, म्हणजे कर्नलमधल्या सगळ्या फाइल सिस्टिम्सच्या सामाईक थराच्या, झाडाशी सतत जुळवत बसायचा, तिथे लॉकिंगमध्ये भोकं होती. कर्नल डेव्हलपर अल व्हिरो यांनी ती जाहीरपणे दाखवून दिली, क्रिस्टॉफ हेलविग यांनी २.५ च्या काळात त्याचा एपीआय (ड्रायव्हरनी बोलवायची फंक्शन्स) बराच छाटून सोपा केला, तरी मूळ रचनेतल्या रेस सुटल्या नाहीत. कर्नलमधून काढायच्या यादीत जी नोंद होती तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की रेस दुरुस्त होण्यासारख्या नाहीत आणि बरीच वर्षं याला कोणी मेंटेनर नाही.

तिसरं, त्याने मूळ दुखणी सोडवलीच नाहीत. मेजर-मायनरचे आकडे संपत चालले होते (तेव्हा दोन्हींना आठ-आठ बिटच होते, २.६ मध्ये मेजर १२ आणि मायनर २० बिटचा झाला), त्यावर डेव्हएफएसकडे उत्तर नव्हतं. तीच यूएसबी डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली तरी तेच नाव राहावं, ही मागणी तर त्याच्या आवाक्यातच नव्हती.

३. नक्की कधी काढला? कुठे २००३ लिहिलंय, कुठे २००५, कुठे २००६.

तिन्ही बरोबर आहेत, तीन वेगळ्या गोष्टी आहेत. २००३ मध्ये, म्हणजे २.६ यायच्या आधीच त्याच्यावर कालबाह्य असा शिक्का बसला. ऑगस्ट २००५ ला आलेल्या २.६.१३ मध्ये कॉन्फिगमधला पर्याय काढला, कोड जागेवर पण नेहमीच्या मार्गाने तो चालू करता येईना. आणि सप्टेंबर २००६ च्या २.६.१८ मध्ये कोडच गेला. यादीत तारीख जुलै २००५ ची होती, प्रत्यक्षात कोड जायला साधारण वर्षभर जास्त लागलं. हे टप्पे असे का पाडले ते प्रश्न १५ मध्ये.

४. २.४ मधून पण काढला का?

नाही. २.४ मध्ये तो शेवटपर्यंत राहिला, त्या मालिकेचं शेवटचं रिलीज डिसेंबर २०१० मध्ये आलं. तुमचं जुनं मशीन २.४ वर असेल तर तिथे तो चालूच असणार, कोणी येऊन काढणार नाहीये.

५. काढला कोणी? आणि रिचर्ड गूच यांचं काम फुकट गेलं का?

काढायचं काम ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी केलं. त्यांनीच २००३ मध्ये यूडेव्ह (कर्नलच्या बाहेरून /डेव्ह सांभाळणारा प्रोग्रॅम) लिहायला घेतला होता, म्हणजे पर्याय हातात देऊन मग जुनं काढलं. के सीव्हर्स पुढे यूडेव्हचे मोठे आधार झाले. आणि फुकट अजिबात गेलं नाही, /डेव्ह मध्ये जेवढं हार्डवेअर तेवढंच दिसावं ही अपेक्षा लोकांना डेव्हएफएसमुळेच लागली, आज ती आपण गृहीत धरतो. कोड गेला तरी ती मागणी राहिली, आणि माझ्या दृष्टीने हे श्रेय मोठं आहे.

६. मग आता /डेव्ह मधल्या फाइल्स बनवतं कोण?

आजच्या साध्या डिस्ट्रोवर (डेबियनसारख्या तयार लिनक्सवर) दोघं मिळून. कर्नलमधला डेव्हटेंपएफएस फाइल बनवतो, कर्नलच्या साध्या नावाने आणि रूटच्या मालकीने. मग यूडेव्ह नावाचा प्रोग्रॅम, जो युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या बाहेर, चालतो, तो परवानग्या लावतो, ग्रुप लावतो आणि जास्तीच्या लिंक बनवतो. यूडेव्हला माहिती सिसएफएसमधून मिळते, म्हणजे कर्नल हार्डवेअरची माहिती /सिस मध्ये फाइल्सच्या रूपात दाखवतो तिथून, तो पॅट्रिक मोशेल यांनी २.५ च्या काळात लिहिलेला. स्वतः बघायचं असेल तर /सिस/क्लास/टीटीवाय/टीटीवायएस०/डेव्ह ही फाइल कॅट करा, ४:६४ असं छापून येईल.

यूडेव्ह आधी फाइल्स स्वतःच बनवायचा, २०१२ च्या सुरुवातीपासून ते काम पूर्णपणे डेव्हटेंपएफएसकडे गेलं आणि त्याच वर्षी यूडेव्हचा कोड सिस्टिमडीमध्ये (बूटनंतर बाकी सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सामील झाला.

७. थांबा, डेव्हटेंपएफएस म्हणजे डेव्हएफएसच परत आला की मागच्या दाराने!

असं वाटणं स्वाभाविक आहे, २००९ मध्ये तो पॅच आला तेव्हा कर्नलवाल्यांनीही हेच विचारलं होतं. डिसेंबर २००९ च्या २.६.३२ मध्ये तो आला आणि लिहिणाऱ्यांत ग्रेग आणि के हे दोघंही होते, म्हणजे ज्यांनी आधीचा काढला आणि ज्यांनी यूडेव्ह सांभाळला तेच.

फरक असा की डेव्हएफएससाठी प्रत्येक ड्रायव्हरला वेगळी फंक्शन्स बोलवावी लागायची, डेव्हटेंपएफएससाठी ड्रायव्हरने काहीच करायचं नाही, डिव्हाइस सिसएफएसमध्ये नोंदलं की ड्रायव्हर कोर आपोआप फाइल टाकतो. आतमध्ये साधा टीएमपीएफएस (मेमरीतली फाइल सिस्टिम) आहे, स्वतःचं वेगळं झाड नाही, त्यामुळे ती जुनी जुळवाजुळव नाही. फाइल शोधताना मॉड्युल (गरजेनुसार कर्नलमध्ये चढवायचा ड्रायव्हर) लोड करण्याचा प्रकारही नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे धोरण वरच राहिलं, लिंक, ग्रुप, परवानगी सगळं यूडेव्हच्या हातात. बूट लवकर व्हावं आणि युजरस्पेस उठायच्या आधी /डेव्ह मध्ये किमान काहीतरी असावं एवढ्यापुरता तो आहे. कर्नल देतो ती नावंही चांगली वाटतात का, तर वाटतात, कारण ती जुनी सवयीचीच ठेवली आहेत.

८. माझ्या मशीनवर डेव्हएफएस चालू आहे का ते कसं बघू?

माउंट कमांड चालवा, /डेव्ह समोर डेव्हएफएस लिहिलेलं दिसलं तर चालू आहे. किंवा /डेव्ह/.डेव्हएफएसडी ही फाइल आहे का बघा. /प्रॉक/फाइलसिस्टिम्स मध्ये फक्त नाव दिसलं तर कर्नलमध्ये आहे एवढंच कळतं, माउंट आहेच असं नाही.

९. आमच्या पॅनलचा जुना बोर्ड गेला, नवीन बोर्डवर नवीन कर्नल आहे आणि सॉफ्टवेअर तेच ठेवायचंय. कुठून सुरुवात करू?

जुना बोर्ड थोडा वेळ जरी उठत असेल तर आधी तिथे नावांची शोधाशोध करा, नवीन बोर्डला हात नंतर. एफएसटॅब, इनिटटॅब, सेक्युअरटीटीवाय, बूटलोडरची ओळ, सुरू होतानाच्या सगळ्या स्क्रिप्ट आणि तुमच्या ॲप्लिकेशनच्या कॉन्फिग फाइल्स यांत ग्रेप (फाइलमध्ये शब्द शोधायची कमांड) मारा. शोधायचे शब्द: टीटीएस/, व्हीसी/, डिस्क्स/, सीडीरूम्स/, आयडीई/होस्ट, एससीएसआय/होस्ट, एमटीडीब्लॉक/, लूप/, साउंड/, मिस्क/. बायनरीमध्ये पण नाव रुतलेलं असू शकतं म्हणून ॲप्लिकेशनच्या फाइलवर स्ट्रिंग्ज कमांड चालवून तेच शब्द बघा, पॅनल बनवणाऱ्यांनी सीरियल पोर्टचं नाव थेट कोडमध्ये लिहिलेलं नेहमी सापडतं.

बऱ्याच ठिकाणी डेव्हएफएसडी जुन्या नावांच्या लिंक बनवत असायचा आणि ॲप्लिकेशन टीटीवायएस० हेच नाव वापरत असायचं. तसं असेल तर तुमचं अर्धं काम आधीच झालंय.

उरलेली नावं शक्यतो कॉन्फिगमध्ये बदला. बायनरीत असतील आणि सोर्स नसेल तर यूडेव्हमध्ये एक नियम लिहा की कर्नलचं नाव टीटीवायएस आणि पुढे आकडा असेल तर टीटीएस/ आणि तोच आकडा अशी सिमलिंक बनव, नियमात आकड्यासाठी टक्का-एन वापरतात. ही सोय बिनधास्त वापरा, यूडेव्ह नवा होता तेव्हा त्याच्यासोबत डेव्हएफएस पद्धतीच्या नावांची नियमांची फाइल मिळायचीच.

परवानग्या विसरू नका. डेव्हएफएसडीच्या कॉन्फिगमध्ये कोणाला कुठला पोर्ट उघडता येईल ते लिहिलेलं असतं, ते आपोआप कुठेही जात नाही. ॲप्लिकेशन रूट म्हणून चालत नसेल तर त्या युजरला सीरियलच्या ग्रुपमध्ये टाका, डेबियनकडे त्या ग्रुपचं नाव डायलआउट.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. जुन्याच कर्नलला बूटलोडरमधून डेव्हएफएस=नोमाउंट देऊन, डिस्कवर साध्या फाइल्स बनवून एकदा उठवून बघा, नावांची सगळी भांडणं तिथेच मिटतात आणि मग नवीन कर्नलवर काही अडलं तर ते नक्की कर्नलचंच आहे हे कळतं. प्रॉडक्शनवाला मागे उभा राहून कधी सुरू होणार विचारत असताना हे कळणं फार मोलाचं असतं.

१०. नवीन कर्नल उठतो पण "अनेबल टू ओपन ॲन इनिशियल कन्सोल" म्हणतो आणि पुढे स्क्रीनवर काहीच नाही.

डिस्कवरच्या /डेव्ह मध्ये कन्सोल नावाची फाइल नाहीये. जुन्या सिस्टिमवर डेव्हएफएस त्या /डेव्ह वर माउंट व्हायचा त्यामुळे खालचा फोल्डर रिकामा आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

उपाय दोन. नवीन कर्नल तुम्हीच बनवत असाल तर डेव्हटेंपएफएस आणि त्याचा आपोआप माउंट व्हायचा पर्याय, दोन्ही चालू करा, डिस्कवर /डेव्ह नावाचा रिकामा फोल्डर मात्र असायलाच हवा. लक्षात ठेवा, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती रूट फाइल सिस्टिम) वापरत असाल तर हा आपोआप माउंट तिथे लागू होत नाही, तिथल्या इनिट स्क्रिप्टने स्वतः माउंट करायचं.

दुसरा उपाय, फाइल्स डिस्कवर बनवा. पण डेव्हएफएस वर माउंट असताना एमकेनॉड केलं तर फाइल डेव्हएफएसमध्ये जाते आणि रीबूटला गायब, म्हणून आधी रूट फोल्डर दुसरीकडे, समजा /एमएनटी वर, बाइंड माउंट करा, मग /एमएनटी/डेव्ह मध्ये खरा खालचा फोल्डर दिसतो. तिथे कन्सोल बनवा, कॅरॅक्टर डिव्हाइस ५ आणि १, परवानगी ६००, आणि नल, कॅरॅक्टर १ आणि ३, परवानगी ६६६.

११. "अनेबल टू माउंट रूट एफएस" येऊन पॅनिक होतंय.

कंसातले आकडे आधी बघा. अननोन-ब्लॉक च्या पुढे ०,० असेल तर रूट= मध्ये दिलेल्या नावाचं डिव्हाइस कर्नलला सापडलेलंच नाही, म्हणजे नाव जुन्या पद्धतीचं आहे किंवा डिस्कचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही. आकडे खरे दिसत असतील, उदाहरणार्थ ८,१, तर नाव समजलंय, मग त्या आकड्यांमागचा ड्रायव्हर आणि फाइल सिस्टिमचा सपोर्ट तपासा.

फ्लॅशवाल्या बोर्डात रूट=/डेव्ह/एमटीडीब्लॉक/२ असतं ते /डेव्ह/एमटीडीब्लॉक२ करा, मधला स्लॅश काढायचा बस. एक अपवाद बऱ्याच जणांना अडकवतो, रूट=यूयूआयडी हे कर्नल एकटा समजू शकत नाही, त्याला इनिटरॅमएफएस लागतो, कारण फाइल सिस्टिमचा यूयूआयडी (तिचा कायमचा ओळख क्रमांक) वाचायचं काम युजरस्पेसचं. इनिटरॅमएफएस नको असेल तर पार्टयूयूआयडी द्या, तो पार्टिशन टेबलमध्ये असतो आणि कर्नल स्वतः वाचतो.

१२. डेव्हएफएस काढल्यामुळे आमची एचडीए डिस्क एसडीए झाली, हे का केलं?

हे डेव्हएफएसमुळे झालेलं नाही. जुन्या आयडीई ड्रायव्हरच्या जागी लिबएटीए हा नवा ड्रायव्हर थर आला, तो एससीएसआयच्या थरावरून जातो म्हणून नाव एसडीए. डिस्ट्रोंनी हा बदल साधारण त्याच वर्षांत केला त्यामुळे दोन्ही गोष्टी डोक्यात एकत्र बसल्यात. जुना आयडीई ड्रायव्हर कर्नलमधून २०२१ च्या ५.१४ मध्ये गेला. उपाय मात्र एकच, एफएसटॅबमध्ये एचडीए किंवा एसडीए लिहूच नका, यूयूआयडी लिहा.

१३. लाइट जाऊन आली की दोन यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरची नावं उलटसुलट होतात, वजनकाट्याचा डेटा प्रिंटरकडे जातो. डेव्हएफएस असता तर झालं नसतं ना?

झालं असतं. जो कन्व्हर्टर आधी सापडला तो शून्य, नंतरचा एक, हे डेव्हएफएसमध्येही तसंच होतं. पावसाळ्यात एमआयडीसीत लाइटची ये-जा असते तेव्हा हा प्रश्न हमखास येतो.

/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी मध्ये बघा, तिथे कन्व्हर्टरच्या सीरियल नंबरसकट कायमच्या लिंक असतात, ॲप्लिकेशनला तीच लिंक द्या. अडचण तेव्हा येते जेव्हा दोन्ही कन्व्हर्टर एकाच स्वस्त मॉडेलचे असतात आणि त्यांच्यात सीरियल नंबरच नसतो, मग बाय-आयडीमध्ये दोघांची लिंक एकाच नावाची होऊन एकच उरते. अशा वेळी बाय-पाथ वापरा, ती लिंक कुठल्या यूएसबी पोर्टला लावलंय त्यावरून ठरते, म्हणजे वायर ज्या पोर्टला आहे तिथेच ठेवायची आणि पोर्टवर मार्करने काटा, प्रिंटर असं लिहून ठेवायचं. शक्य असेल तर सीरियल नंबर असलेले कन्व्हर्टरच घ्या, थोडे महाग पडतात पण रात्रपाळीवाल्याने वायरी अदलाबदल केल्या तरी काम चालू राहतं.

१४. पूर्वी /डेव्ह मधली फाइल उघडली की मॉड्युल आपोआप लोड व्हायचं, आता "नो सच फाइल" येतं.

डेव्हएफएसमध्ये नसलेलं नाव उघडायला गेलं की डेव्हएफएसडी मॉडप्रोब (मॉड्युल लोड करायची कमांड) करायचा. आता दिशा उलटी आहे, हार्डवेअर सापडलं की कर्नल घटना पाठवतो, त्यावरून मॉड्युल लोड होतं आणि मग फाइल येते. बहुतेक वेळा हेच बरोबर, हार्डवेअर नाही तर फाइल नाही.

अपवाद आहेत ते ज्यांच्यामागे हार्डवेअरच नाही, जसं फ्यूज, ट्यून, लूप-कंट्रोल. यांच्यासाठी मॉड्युल्सच्या फोल्डरमध्ये मॉड्युल्स.डेव्हनेम नावाची फाइल असते, तिच्यावरून बूटलाच रिकाम्या फाइल्स बनवून ठेवतात आणि पहिल्यांदा उघडली की मॉड्युल येतं. तुमचं मॉड्युल या दोन्हीत बसत नसेल तर /इटीसी/मॉड्युल्स-लोड.डी मध्ये त्याचं नाव टाका.

१५. कर्नलमध्ये सगळीकडे पसरलेला कोड काहीही न मोडता काढतात कसा? आम्हाला आमच्या प्रॉडक्टमधला एक जुना थर असाच काढायचाय.

महाप्याच्या एका टीमने विचारलेला प्रश्न, आणि मला यातला सगळ्यात आवडता, कारण डेव्हएफएसच्या काढणीत शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे.

आधी यादीत नाव टाकलं, तारखेसकट, कारणासकट, कोण काढणार त्याच्या नावासकट. मग पर्याय तयार होऊन डिस्ट्रोंनी उचलेपर्यंत थांबले. मग नुसता कॉन्फिगचा पर्याय काढला. ही पायरी लोक गाळतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण यात कोड जागेवर असतो, कोणाचं खरंच अडलं तर एक ओळ परत टाकून चालू करता येतं, आणि कोण ओरडतंय ते कळतं.

मग प्रत्यक्ष कापणी. डेव्हएफएस बंद असताना कंपाइल व्हावं म्हणून हेडर फाइलमध्ये त्याची सगळी फंक्शन्स रिकामी लिहून ठेवलेली होती, याचा फायदा घेतला. पहिल्या पॅचमध्ये मुख्य एफएस/डेव्हएफएस फोल्डर गेला, ड्रायव्हर मात्र रिकामी फंक्शन्स बोलवत कंपाइल होतच राहिले. मग पार्टिशनच्या कोडमधला भाग, सुरुवातीच्या बूट कोडमधला भाग. मग एकेक फंक्शन धरून अख्ख्या कर्नलमधून त्याचा वापर काढला, आधी डेव्हएफएस_एमके_डीआयआर, मग सिमलिंकचं, ब्लॉक डिव्हाइसचं, कॅरॅक्टर डिव्हाइसचं, मग रिमूव्हचं. कोणीच उरलं नाही तेव्हा हेडर फाइल गेली. आणि सगळ्यात शेवटी टीटीवाय, डिस्क आणि मिस्क डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमधली डेव्हएफएसच्या नावाची फील्ड्स.

म्हणजे प्रत्येक पॅचनंतर कर्नल पूर्ण कंपाइल होतो, बूट होतो, आणि पुढे बग आला तर बायसेक्ट करून, म्हणजे पॅचची यादी अर्धी-अर्धी करत तपासून, नेमका पॅच सापडतो. तुमच्या प्रॉडक्टमध्येही मुळावर घाव घालायच्या आधी वापरणाऱ्यांना रिकामं फंक्शन द्या, एकेका फंक्शनचा वापर वेगळ्या कमिटमध्ये काढा, ड्रायव्हरवार किंवा मॉड्युलवार काढत बसू नका, तपासणाऱ्याला एकाच प्रकारचा बदल शंभर जागी वाचणं सोपं जातं.

अजून एक बारीक गोष्ट. टीटीवायमध्ये नो_डेव्हएफएस नावाचा एक फ्लॅग होता, त्याचा उपयोग डेव्हएफएस गेल्यावरही शिल्लक होता, डिव्हाइस नंतर नोंदलं जाईल हे सांगायला. तो काढला नाही, त्याचं नाव बदलून डायनॅमिक_डेव्ह केलं. काढताना नावावर जाऊ नका, तो काय करतो ते वाचा.

१६. आमच्या कार्डचा ड्रायव्हर कंपाइल होत नाही, डेव्हएफएस_एफएस_कर्नल.एच सापडत नाही म्हणतो. कार्ड बनवणारी कंपनी आता नाही.

सोर्स हातात आहे ना, मग होईल. ती इन्क्लूडची ओळ काढा. फोल्डर बनवणारी आणि काढणारी बोलावणी सरळ पुसा. जिथे डेव्हएफएस_एमके_सीडेव्ह आहे तिथे क्लास_क्रिएट आणि डिव्हाइस_क्रिएट आणा, बाहेर पडताना डिव्हाइस_डिस्ट्रॉय आणि क्लास_डिस्ट्रॉय. फार नवीन कर्नल असेल तर क्लास_क्रिएटला मॉड्युलच्या मालकाचा आर्ग्युमेंट देऊ नका, २०२३ च्या ६.४ पासून तो गेला. टीटीवाय ड्रायव्हर असेल तर डेव्हएफएस_नेम फील्ड काढा आणि फ्लॅगचं नवीन नाव टाका, प्रश्न १५ च्या शेवटी आहे ते.

क्रम चुकवू नका. आधी सीडेव्ह_ॲड, आणि डिव्हाइस_क्रिएट सगळ्यात शेवटी, कारण ते होताक्षणी /डेव्ह मध्ये फाइल येते आणि यूडेव्हच्या मागोमाग कोणीही ती उघडू शकतं. ड्रायव्हर अर्धवट तयार असताना उघडली तर तुम्ही डेव्हएफएसच्या काळातली रेस स्वतःच्या हाताने परत आणलीत.

क्लास_क्रिएट आणि डिव्हाइस_क्रिएट ही फंक्शन्स फक्त जीपीएल लायसन्सच्या मॉड्युलना मिळतात. मॉड्युलचं लायसन्स वेगळं लिहिलं असेल तर लोड करताना अननोन सिम्बॉल येईल, लायसन्सची ओळ खोटी बदलू नका. तिथे मार्ग हा की ड्रायव्हरने मेजर नंबर घ्यावा, सुरुवातीच्या स्क्रिप्टने /प्रॉक/डिव्हायसेस मधून तो वाचून एमकेनॉड करावं.

१७. लहान बोर्डवर यूडेव्ह जड होतो, मग काय?

हार्डवेअर बदलतच नसेल तर नुसता डेव्हटेंपएफएस पुरतो, परवानग्यांचे दोन-चार चमोड स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये. काही जोडलं-काढलं जाणार असेल तर बिझीबॉक्सचा (लहान सिस्टिमसाठीच्या कमांडच्या संचातला) एमडेव्ह घ्या, त्याची एक छोटी कॉन्फिग फाइल असते आणि बूटला एमडेव्ह -एस चालवलं की सिसएफएस वाचून सगळं लावून टाकतो. बाय-आयडी सारख्या लिंक मात्र तो स्वतःहून देत नाही.

१८. डेव्हपीटीएस पण काढून टाकू का, नाव सारखंच आहे?

नको! टर्मिनल, एसएसएच सगळं त्याच्यावर चालतं. /डेव्ह/पीटीएस वर माउंट होणारा डेव्हपीटीएस ही पूर्ण वेगळी आणि चालू फाइल सिस्टिम आहे.

१९. फ्रीबीएसडीमध्ये डेव्हएफएस अजून आहे, मग लिनक्सवाल्यांनीच का काढला?

नाव तेच, कोड वेगळा. फ्रीबीएसडीने स्वतःचा लिहिला, २००३ च्या ५.० पासून तो तिथे नेहमीचा झाला आणि त्यांनी तो सांभाळला. नावं साधी ठेवली आणि जेलमध्ये (फ्रीबीएसडीच्या आतली वेगळी कोंडलेली सिस्टिम) काय दिसावं न दिसावं ते नियमांनी ठरवायची सोय दिली. मॅकओएसमध्येही त्या नावाची फाइल सिस्टिम आहे. लिनक्समधल्या कोडचा यांच्याशी संबंध नाही, त्यामुळे तिथलं उदाहरण देऊन इथला परत आणा म्हणता येत नाही.

२०. २.६.१८ च्या पुढच्या कर्नलवर जुना डेव्हएफएस पॅच करून चालवता येईल का? ॲप्लिकेशनला हात लावायची परवानगीच नाही.

करू नका. फक्त एफएस/डेव्हएफएस फोल्डर परत टाकून भागत नाही, प्रत्येक ड्रायव्हरमधली बोलावणी परत घालावी लागतील, आणि व्हीएफएस, लॉकिंग, ड्रायव्हर कोर हे सगळं तेव्हापासून इतकं बदललंय की तो सांधा बसणार नाही. बसला तरी दर कर्नल अपडेटला ते सगळं परत, आणि रेस तशाच.

ॲप्लिकेशनला फक्त नावं हवी असतात, फाइल सिस्टिम कुठली आहे हे ते विचारत नाही. प्रश्न ९ मधला सिमलिंकचा नियम लिहा, टीटीएस/० उघडलं की मागे टीटीवायएस० उघडतो आणि ॲप्लिकेशनला पत्ता लागत नाही. एखादं ॲप्लिकेशन /डेव्ह/.डेव्हएफएसडी आहे का बघून नावं ठरवतं, तिथे ती फाइल बनवू नका, म्हणजे ते स्वतःच साध्या नावांकडे वळतं. एवढं करूनही अडलं तर जुनी सिस्टिम २.४ सकट व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा आणि सीरियल पोर्ट आत द्या, कंट्रोलरला फार काटेकोर टायमिंग लागत नसेल तर हे वर्षानुवर्षं चालतं, फक्त त्या मशीनला नेटवर्क देऊ नका.